मॉलिक्युलर मेडिसिनमध्ये संशोधन करायचंय? एमएस्सी आणि पीएचडीच्या विद्यार्थ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एमएस्सी संपत आलेले, पीएचडीसाठी लॅब शोधणारे आणि पीएचडीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षात गोंधळलेले विद्यार्थी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. क्रमानं वाचायची गरज नाही. काही उत्तरं लांब आहेत, कारण तिथेच सगळ्यात जास्त गैरसमज असतात.

मॉलिक्युलर मेडिसिन म्हणजे नेमकं काय? बायोकेमिस्ट्री किंवा जेनेटिक्सपेक्षा ते वेगळं कसं?

तंत्रं बहुतेक तीच असतात. फरक आहे तो प्रश्नात. एखादं प्रथिन कसं काम करतं हे कळलं की बायोकेमिस्टचं समाधान होतं. इथे खरी सुरुवात त्यानंतर होते: ते प्रथिन बिघडल्यावर माणूस आजारी कसा पडतो, आणि नेमक्या त्या बिघाडावर उपचार करता येतो का?

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं उदाहरण घ्या. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की सिकलसेलच्या रुग्णांचं हिमोग्लोबिन विद्युतक्षेत्रात निरोगी हिमोग्लोबिनपेक्षा वेगळ्या गतीनं सरकतं. म्हणजे दोष रेणूतच आहे. काही वर्षांतच व्हर्नन इनग्राम यांनी तो दोष एका अमिनो आम्लापर्यंत आणून ठेवला: ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन. कारण इतकं स्पष्ट कळूनही त्यावर थेट घाव घालणारा उपचार पुढची कित्येक दशकं आला नाही. वाट निघाली ती दुसऱ्याच बाजूनं. नवजात बाळाच्या रक्तात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन भरपूर असतं, आणि ते असेपर्यंत सिकलसेलचा त्रास जाणवत नाही. मग हे हिमोग्लोबिन बंद कोण करतं? बीसीएल११ए हे जनुक, हे २००८ च्या सुमारास उलगडलं. २०२३ च्या अखेरीला आधी ब्रिटननं आणि मग अमेरिकेनं मंजुरी दिलेल्या 'कॅसगेव्ही' या उपचारात रुग्णाच्या रक्ताच्या मूळपेशी बाहेर काढतात, त्या जनुकाचा लाल पेशींपुरता चालणारा नियंत्रक भाग क्रिस्पर या जनुक कापण्याच्या तंत्रानं मोडतात आणि पेशी परत देतात.

या कहाणीत तुमच्या कामाची एक गोष्ट आहे. १९४९ च्या कामातले हार्वी इटानो तेव्हा पॉलिंग यांच्याकडे पीएचडी करत होते. बीसीएल११एवरच्या २००८ च्या पेपरचे पहिले लेखक विजय शंकरन हेही तेव्हा स्टुअर्ट ऑर्किन यांच्या लॅबमधले विद्यार्थीच होते.

माझ्याकडे वैद्यकीय पदवी नाही. चालेल का?

चालेल. या क्षेत्रातले बरेच लोक जीवशास्त्र, रसायनशास्त्र, फार्मसी, भौतिकशास्त्र किंवा कॉम्प्युटर सायन्समधून आलेले असतात. एमआरएनए लशींचा पाया घालणाऱ्या ज्या दोघांना २०२३ चं नोबेल मिळालं, त्यांतल्या कातालिन कारिको बायोकेमिस्ट आणि ड्रू वाइसमन डॉक्टर. एकट्याच्या आवाक्यातलं ते काम नव्हतं.

मात्र रुग्णाची बाजू तुम्हाला कळलीच पाहिजे. ज्या आजारावर काम करताय त्याचं निदान कसं होतं, सध्या कोणती औषधं देतात आणि ती कुठे कमी पडतात, हे एखाद्या डॉक्टरकडून तासभर ऐकून घ्या. शक्य असेल तर ओपीडीत एक दिवस बसा. प्रस्तावनेत 'हा एक गंभीर आजार आहे' एवढंच लिहिणारे प्रबंध परीक्षकाला लगेच ओळखू येतात.

सध्या खरी संधी कुठे आहे?

'कुठला विषय गाजतोय' असं विचारलंत तर यादी कुठेही मिळेल. त्यापेक्षा गाडी कुठे अडली आहे ते पाहा. विद्यार्थ्याला जागा मिळते ती तिथेच.

पहिली अडलेली जागा म्हणजे औषध योग्य पेशीपर्यंत पोचवणं. आरएनएवर आधारित सुरुवातीची बरीच औषधं यकृतासाठी का निघाली? ज्या मेदकणांत आरएनए गुंडाळतात, त्यांना रक्तात गेल्यावर एपोई हे प्रथिन चिकटतं, आणि यकृताच्या पेशी एपोई असलेले कण आपणहून आत ओढतात. दुसरा मार्ग गॅलनॅक या साखरेचा. तिला धरणारा रिसेप्टर यकृताच्या पेशींवर दाटीवाटीनं असतो. म्हणजे यकृताचं दार शरीरानंच उघडून ठेवलेलं होतं. स्नायू, हृदय, फुप्फुस, मेंदू यांच्यासाठी असं सोपं दार अजून नाही. वर सांगितलेल्या सिकलसेलच्या उपचारातही पेशी परत देण्याआधी रुग्णाला जबर केमोथेरपी घ्यावी लागते. तेच संपादन शरीरातल्या शरीरात करता आलं, तर तो उपचार खूप जास्त लोकांपर्यंत जाईल. जनुक पेशीत पोचवण्यासाठी वापरतात त्या विषाणूवाहकांची अडचण आणखी वेगळी. एएव्ही या विषाणूविरुद्ध पुष्कळ लोकांच्या रक्तात आधीपासूनच प्रतिपिंडं असतात, आणि एकदा डोस दिला की दुसरा देणं अवघड होऊन बसतं.

दुसरी जागा म्हणजे अर्थ न लागलेले जनुकबदल. जनुक वाचणं सोपं झालं, पण अहवालात 'महत्त्व अनिश्चित' असा शेरा घेऊन येणाऱ्यांचं काय? २०१८ मध्ये जय शेंडुरे यांच्या गटानं स्तनाच्या आणि बीजकोशाच्या कर्करोगाशी संबंध असलेल्या बीआरसीए१ जनुकातले जवळपास ४,००० बदल तपासले. युक्ती सुरेख होती. बीआरसीए१ शिवाय जगूच शकत नाही अशी पेशी निवडायची. क्रिस्परनं तिच्यात हजारो बदल पेरायचे. काही दिवसांनी कोणते बदल टिकले आणि कोणते गायब झाले, ते सिक्वेन्सिंगनं, म्हणजे डीएनएचा क्रम वाचून, मोजायचं. जो बदल गायब झाला त्यानं जनुक मोडलं असणार. या पेपरचा पहिला लेखकही विद्यार्थीच होता. अशी हजारो जनुकं अजून वाट पाहत आहेत, आणि प्रत्येकासाठी 'पेशी जगते की मरते' इतकी सोपी चाचणी नसते. ती शोधून काढणं हाच एका पीएचडीचा विषय होऊ शकतो.

तिसरी जागा कर्करोगातल्या औषधप्रतिकाराची. इमॅटिनिब या औषधाला २००१ मध्ये मंजुरी मिळाली आणि क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाचं चित्रच पालटलं. पण काही रुग्णांत औषध निष्प्रभ होऊ लागलं. हा कर्करोग घडवणाऱ्या बीसीआर-एबीएल प्रथिनात ३१५ व्या जागी थ्रिओनिनऐवजी आयसोल्युसिन आलं की इमॅटिनिबला बसायला जागाच उरत नाही. त्यावर उपाय म्हणून पोनॅटिनिब २०१२ मध्ये आलं. लक्ष्यवेधी औषधांत हे पुन्हा पुन्हा घडतं. केरास हे जनुक 'औषधाला न जुमानणारं' म्हणून सोडून दिलं होतं. २०१३ मध्ये त्याच्या जी१२सी या रूपात औषधाला बसण्याजोगी एक खाच सापडली, २०२१ मध्ये सोटोरॅसिब बाजारात आलं, आणि लगोलग प्रतिकाराचे पेपरही आले. ट्युमरमधल्या कोणत्या पेशी तग धरतात आणि कशाच्या जोरावर, हे सिंगल सेल सिक्वेन्सिंगमुळे आता पेशीपेशीनिशी पाहता येतं.

ऑर्गनॉइड (लॅबमध्ये वाढवलेले अवयवांचे सूक्ष्म नमुने) आणि आयपीएस पेशी (साध्या पेशींपासून बनवलेल्या मूळपेशी) यांचंही मोठं क्षेत्र आहे. शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या साध्या पेशींना मूळपेशींच्या अवस्थेत नेलं. हान्स क्लेव्हर्स यांच्या लॅबमधून २००९ मध्ये आतड्याचे ऑर्गनॉइड आले. आकर्षण मोठं आहे, पण माझं मत स्पष्ट आहे: ज्या लॅबमध्ये हे आधीपासून नीट चालतंय तिथेच याच्या वाटेला जा. नवखी लॅब आणि नवखा विद्यार्थी अशी जोडी जमली की पहिली दोन वर्षं पेशी जगवण्यातच जातात.

दुर्मीळ आजारावर काम केलं तर करिअर अरुंद होईल का?

उलट होण्याची शक्यता जास्त. पीसीएसके९ पाहा. काही फ्रेंच कुटुंबांत लहान वयातच कोलेस्टेरॉल प्रचंड वाढत होतं, त्यांच्यात २००३ मध्ये हे जनुक सापडलं. पुढे ज्यांच्यात हेच जनुक जन्मतः निकामी आहे अशी माणसं सापडली. त्यांचं कोलेस्टेरॉल कमी होतं, हृदयविकारही कमी होता आणि तब्येत ठणठणीत. २०१५ मध्ये या प्रथिनाला रोखणारी दोन औषधं मंजूर झाली, आणि ती दुर्मीळ आजारापुरती राहिली नाहीत. निसर्गानं माणसातच प्रयोग करून ठेवलेला असतो, म्हणून दुर्मीळ आजार इतके शिकवून जातात.

अडचण असते ती रुग्णसंख्येची. पंधरा रुग्णांवर बेतलेला प्रकल्प संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकेल का, हे सुरू करण्याआधी विचारा, नंतर नव्हे.

वेट लॅब (प्रत्यक्ष प्रयोग) की ड्राय लॅब (संगणकावरचं विश्लेषण)?

दोन्हींची ओळख हवी, पण हुकमी एकच हवं. तुमच्याकडे चांगली लॅब नसेल, तर ड्राय लॅब हा खरोखरच मोठा आधार आहे. कर्करोगाच्या ३३ प्रकारांची जनुकीय माहिती टीसीजीए या डेटाबेसमध्ये आहे. जनुकांच्या अभिव्यक्तीचे असंख्य डेटासेट जीईओ या डेटाबेसमध्ये पडून आहेत. बदलांची वारंवारता पाहायला नोमॅड, प्रथिनांच्या रचनांसाठी १९७१ पासून चालू असलेली प्रोटीन डेटा बँक. यांतलं बरंचसं फुकट आहे. यूके बायोबँकेत ५ लाख लोकांची माहिती आहे, पण तिथे रीतसर अर्ज करावा लागतो आणि शुल्कही असतं. टीसीजीएमधला व्यक्तीगणिक जनुकीय तपशीलही परवानगीशिवाय मिळत नाही.

सुरुवात आर किंवा पायथॉन यांपैकी एकानं करा. आणि कोणताही डेटासेट उघडला की आधी तो कसा गोळा झाला ते वाचा. सगळे रुग्णांचे नमुने मार्चमध्ये एका किटनं आणि सगळे निरोगी नमुने ऑगस्टमध्ये दुसऱ्या किटनं प्रक्रिया केलेले असतील, तर तुम्हाला सापडलेली शेकडो 'बदललेली' जनुकं ही आजाराची आहेत की किटची, हे कोणतंही सॉफ्टवेअर सांगू शकणार नाही. याला बॅच इफेक्ट म्हणतात, आणि छापून आलेले पेपरही त्यात फसलेले आहेत.

एआयमुळे हे सगळं कालबाह्य होणार नाही का?

अल्फाफोल्ड या एआय प्रणालीनं प्रथिनांच्या रचनेचा प्रश्न बऱ्याच अंशी सोडवला. २० कोटींहून जास्त अंदाजित रचना खुल्या आहेत आणि २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा या कामाला मिळाला. तरी एका अमिनो आम्लाच्या बदलानं प्रथिन अस्थिर होईल का, ते पेशीत कोणाला चिकटेल, औषध दिल्यावर रुग्णाचं काय होईल, हे अजून प्रयोगानंच कळतं. अंदाज स्वस्त झाल्यावर ते तपासून पाहणाऱ्यांची गरज वाढलीच आहे.

लॅब रोटेशन म्हणजे काय? ते करायलाच हवं का?

काही पीएचडी कार्यक्रमांत पहिल्या वर्षी दोन-तीन लॅबमध्ये काही आठवडे ते तीन महिने काम करून मगच कायमची लॅब ठरवतात. ते रोटेशन. अमेरिकेत ही पद्धत सर्रास आहे, युरोपात बहुतेक ठिकाणी थेट एका प्रकल्पासाठी निवड होते. रोटेशनची सोय असेल तर घ्याच. नसेल तर निदान एमएस्सीचा प्रबंध किंवा उन्हाळी इंटर्नशिप वेगळ्या लॅबमध्ये करा, म्हणजे तुलनेला काहीतरी राहतं.

रोटेशनमध्ये मोठा निकाल हाती लागावा अशी अपेक्षा कोणी करत नाही. तिथे तुम्ही लॅब पारखायची असते.

लॅब आणि गाइड कसे निवडायचे?

हा या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे. विषय पुढे बदलता येतो, तंत्र शिकता येतं. चुकीच्या लॅबमध्ये गेलेली वर्षं मात्र परत मिळत नाहीत.

गाइड समोर नसताना तिथल्या विद्यार्थ्यांशी बोला. 'गाइड कसे आहेत?' असं विचारू नका. उत्तर 'चांगले आहेत' असंच येणार. त्याऐवजी विचारा: शेवटचे तीन विद्यार्थी किती वर्षांत बाहेर पडले आणि आता कुठे आहेत? प्रयोग फसला तर मीटिंगमध्ये काय होतं? गाइड शेवटचं मसुद्यावर बसून काम कधी करत होते? पहिला लेखक कोण हे कधी ठरतं, आधी की शेवटी? एकाच प्रश्नावर दोघांना लावून 'बघू कोण आधी पोचतंय' असं इथे चालतं का? या शेवटच्या प्रश्नावर समोरचा क्षणभर गप्प झाला, तर तेच उत्तर समजा.

नामवंत मोठी लॅब की नवीन छोटी लॅब? मोठ्या लॅबमध्ये साधनं, पैसा, ओळखी सगळं असतं, पण गाइड भेटत नाहीत. तुम्हाला शिकवणार तो पोस्टडॉक (पीएचडीनंतर तिथे काम करणारा संशोधक), म्हणून आधी त्या पोस्टडॉकशी बोला आणि तो अजून किती दिवस तिथे आहे ते विचारा. नवीन गाइड स्वतः प्रयोगाच्या टेबलापाशी उभे राहून शिकवतात, पण त्यांची स्वतःची नोकरी अजून पक्की झालेली नसते, आणि ते दडपण तुमच्यापर्यंत येतं. पहिल्याच पीएचडीसाठी मी मधल्या टप्प्यावरची लॅब सुचवेन: दोन-चार विद्यार्थी बाहेर पडलेले आहेत, अनुदान चालू आहे, आणि गाइडना अजून कच्चा डेटा बघायची हौस आहे.

आणखी एक, जे कोणी सांगत नाही: लॅबमधली एखादी जुनी नोटबुक पाहायला मागा. तारीख, लॉट नंबर, फसलेले प्रयोग हे सगळं तिच्यात लिहिलेलं असेल, तर ती लॅब विश्वासाची.

प्रकल्पाचा प्रश्न कसा असावा?

उत्तर 'हो' आलं तरी आणि 'नाही' आलं तरी काहीतरी हाती लागेल असा. 'अमुक जनुक काढल्यावर ट्युमर लहान होतो का?' या प्रश्नाचं उत्तर 'नाही' आलं की तुम्ही रिकाम्या हाती. 'औषधाला दाद न देणाऱ्या पेशी अमुक मार्ग वापरतात की तमुक?' इथे दोन्ही उत्तरं लिहिण्याजोगी आहेत. गाइडनं दिलेला प्रकल्प पहिल्या प्रकारचा असेल, तर त्याच्या जोडीला दुसरा, कमी जोखमीचा धागा सुरुवातीलाच मागून घ्या. बहुतेक गाइड नाही म्हणत नाहीत.

गाइडला पहिला ईमेल कसा लिहायचा?

थोडक्यात. 'आपल्या प्रतिष्ठित प्रयोगशाळेत काम करण्याची माझी तीव्र इच्छा आहे' हे वाक्य दिवसातून चार जण पाठवतात. त्याऐवजी असं काही लिहा: 'तुमच्या गेल्या पेपरच्या तिसऱ्या आकृतीत औषध दिल्यावर प्रथिन घटतं, पण एमआरएनए तेवढंच राहतं. प्रथिनाचं विघटन वाढतं का, हे सायक्लोहेक्सिमाइड देऊन पाहिलं आहे का?' यातून पेपर वाचल्याचं कळतं आणि डोकं चालतं हेही कळतं. पुढे दोन ओळीत तुम्ही काय केलंय, काय येतं, कधीपासून येऊ शकता. सीव्ही सोबत जोडा. दोन आठवड्यांत उत्तर नाही आलं तर एकदा आठवण करा, मग पुढच्या लॅबकडे वळा.

पैशांचं काय? स्वतःच्या खिशातून पीएचडी करावी का?

या क्षेत्रात सहसा नाही. प्रयोगांच्या पीएचडीला बहुतेक ठिकाणी विद्यावेतन असतं, आणि ते नसेल तर तसं का, हे विचारा.

वाटा मुख्यतः तीन. एक, विद्यापीठाचा किंवा संस्थेचा कार्यक्रम, जिथे निवड झाली की पैसे ठरलेले. युरोपियन मॉलिक्युलर बायोलॉजी लॅबोरेटरीचा आंतरराष्ट्रीय पीएचडी कार्यक्रम किंवा जर्मनीतल्या इंटरनॅशनल मॅक्स प्लांक रिसर्च स्कूल्स या वर्गातल्या, आणि तिथे कोणत्याही देशाचे विद्यार्थी अर्ज करू शकतात. दोन, गाइडच्या अनुदानातली जागा. तीन, तुम्ही स्वतः मिळवलेली फेलोशिप. ती असली की लॅबची दारं सहज उघडतात.

युरोपातल्या मारी स्क्लोडोव्स्का-क्युरी डॉक्टोरल नेटवर्कच्या जागा उत्तम असतात, पण तिथली स्थलांतराची अट नीट वाचा: भरतीच्या आधीच्या ३६ महिन्यांत तुम्ही त्या यजमान देशात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेले किंवा मुख्य काम केलेलं नसावं. त्या देशात आधीच मास्टर्स करणारे पुष्कळ जण इथेच बाद होतात. अमेरिकेत एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेच्या संस्थात्मक प्रशिक्षण अनुदानांना नागरिकत्वाची किंवा कायम रहिवासाची अट असते. परदेशी विद्यार्थ्यांचा खर्च विद्यापीठ किंवा गाइडचं संशोधन अनुदान उचलतं. म्हणून 'प्रवेश मिळेल का?' याच्या जोडीला 'पाचव्या वर्षी माझा पगार कोण देणार?' हेही विचारायला लाजू नका.

पहिल्या वर्षी कोणत्या गोष्टींवर हात बसवायचा?

लोक तंत्रांची यादी मागतात: क्रिस्पर, सिंगल सेल, फ्लो सायटोमेट्री. ते सगळं येईल. त्याआधी तीन गोष्टी.

तुमच्या पेशी खरंच त्याच आहेत का, ते तपासा. १९५१ मधल्या हेला या कर्करोगपेशी इतक्या जोमदार की त्या इतर अनेक पेशीवंशांत शिरल्या, आणि लोक वर्षानुवर्षं भलत्याच नावाखाली हेलावरच काम करत राहिले. एसटीआर प्रोफाइलिंगनं ओळख पटते. शेजारच्या लॅबकडून आलेली कुपी असेल तर नक्कीच करा. त्याच वेळी मायकोप्लाझ्माची चाचणी करून घ्या. हा जिवाणू साध्या सूक्ष्मदर्शकात दिसत नाही, माध्यम गढूळ होत नाही, आणि त्याला पेशीभित्तिका नसल्यामुळे नेहमीच्या पेनिसिलिनचा त्याच्यावर काही परिणाम होत नाही. पेशी दिसतात ठीकठाक, फक्त तुमचे आकडे भलतीकडे जातात.

दुसरी गोष्ट 'एन', म्हणजे स्वतंत्र प्रयोगांची संख्या, कशाला म्हणतात ही. एकाच प्लेटमधल्या तीन विहिरी (वेल, म्हणजे पेशी वाढवायचे खळगे) म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. एकाच दिवशी, एकाच कुपीतल्या पेशींवर, एकाच हातानं केलेली ती एकाच प्रयोगाची तीन मोजमापं आहेत. वेगवेगळ्या दिवशी, नव्यानं पेशी लावून केलेले तीन प्रयोग म्हणजे एन तीन. तीन विहिरींवर काढलेली छान पी-व्हॅल्यू परीक्षकानं पकडली, तर तिथून सावरणं कठीण.

तिसरी, नॉकआउट (जनुक निकामी केलेली पेशी) खरंच नॉकआउट आहे का? वेस्टर्न ब्लॉटवर (अँटिबॉडी वापरून प्रथिन शोधण्याच्या चाचणीत) पट्टा दिसला नाही म्हणजे प्रथिन गेलंच असं नाही. अँटिबॉडी ज्या तुकड्याला चिकटते तेवढाच तुकडा गेलेला असू शकतो, आणि उरलेलं आखूड प्रथिन निवांत काम करत असतं. जागा सिक्वेन्स करा, दुसऱ्या टोकाला चिकटणारी अँटिबॉडी वापरा, दोन वेगवेगळ्या गाइड आरएनएनं (क्रिस्परला कुठे कापायचं ते दाखवणारा आरएनए) तोच परिणाम दिसतो का पाहा, आणि शेवटी जनुक परत घालून परिणाम उलटतो का ते दाखवा. हा शेवटचा प्रयोग कंटाळवाणा असतो, म्हणून विद्यार्थी टाळतात, आणि पेपरचे परीक्षक नेमका तोच मागतात.

सहा महिने झाले, प्रयोग चालतच नाही. काय करू?

आधी एक ठरवा: तंत्र चालत नाहीये की कल्पना चुकीची आहे? हे सांगणारी एकच गोष्ट, पॉझिटिव्ह कंट्रोल. जिथे परिणाम दिसायलाच हवा अशा नमुन्यात तो दिसत असेल, तर तुमचं तंत्र ठीक आहे आणि निसर्ग तुम्हाला 'नाही' म्हणतोय. ते ऐका. कंट्रोलच चालत नसेल, तर एका वेळी एकच गोष्ट बदला. घाईघाईनं अँटिबॉडी, बफर आणि पेशी तिन्ही बदलल्या आणि चाललं, तर का चाललं हे कधीच कळणार नाही.

रुग्णांचे नमुने वापरायचे असतील तर?

पहिल्याच महिन्यात कामाला लागा. नैतिकता समितीची मंजुरी, संमतीपत्रक, रुग्णालयाशी करार, नमुना पाठवण्याचा करार, या सगळ्यात महिने जातात. १९६४ च्या हेलसिंकी जाहीरनाम्यापासून माहितीपूर्ण संमती हा पाया मानला जातो, पण विद्यार्थ्याला अडवते ती संमतीपत्रकातली एखादी ओळ. जुने साठवलेले नमुने वापरायचे आहेत आणि मूळ संमती 'फक्त या अभ्यासापुरती' असेल, तर ते फ्रीझरमध्ये असूनही तुमचे नाहीत. जनुकीय माहिती खुली करायची परवानगीही त्याच वेळी घेतलेली हवी, नाहीतर पेपर छापताना जर्नल डेटा मागेल आणि तुम्हाला तो देता येणार नाही.

आणखी एक तपशील: नमुना काढल्यापासून गोठवेपर्यंत किती मिनिटं गेली, हे नोंदवून घ्या. आरएनए झपाट्यानं मोडतं, आणि ही वेळ न लिहिलेले नमुने पुढे डोकेदुखी होतात.

प्राण्यांवरचे प्रयोग टाळता येतात का?

पुष्कळदा हो. पर्याय असेल तर तो वापरणं, संख्या कमी ठेवणं आणि त्रास कमी करणं ही तीन तत्त्वं १९५९ पासून मांडलेली आहेत. प्राण्यांवर काम करायचं नसेल तर ते लॅब निवडतानाच स्पष्ट सांगा.

पेपर किती हवेत? मोठ्या जर्नलमध्येच हवा का?

आकडा विद्यापीठावर अवलंबून आहे. माझ्या मते एक नीट, स्वतःचा, पुन्हा करून पाहता येईल असा पेपर हा नाव मागे कुठेतरी असलेल्या पाच पेपरांपेक्षा भारी. अ‍ॅमजेन कंपनीच्या शास्त्रज्ञांनी कर्करोगावरचे ५३ गाजलेले अभ्यास पुन्हा करून पाहिले आणि २०१२ मध्ये ते जाहीर केलं. त्यांतल्या फक्त ६ अभ्यासांचे निष्कर्ष टिकले. मोठ्या जर्नलचा शिक्का म्हणजे खात्री नव्हे.

बायोआर्काइव्ह या संकेतस्थळावर प्रीप्रिंट (परीक्षणाआधीचा पेपर) टाकणं आता सर्वमान्य आहे. त्यामुळे पोस्टडॉकच्या अर्जात 'लेख परीक्षणाधीन' एवढंच न लिहिता वाचता येईल असं काही देता येतं. पेटंटचा विचार असेल तर मात्र आधी संस्थेच्या तंत्रज्ञान हस्तांतरण विभागाला भेटा. काम जाहीर केल्यावर बऱ्याच देशांत पेटंटचा हक्क जातो. आणि 'सात दिवसांत प्रकाशन' असा ईमेल आला तर तो पुसून टाका.

पीएचडीनंतर प्राध्यापकच व्हावं लागतं का?

नाही. औषध कंपन्यांतलं संशोधन, क्लिनिकल ट्रायल, औषधनियामक संस्था, जनुकीय निदान प्रयोगशाळा, बायोइन्फर्मेटिक्स, पेटंट, विज्ञानलेखन असे बरेच मार्ग आहेत. उद्योगात जायचं असेल तर पीएचडी चालू असतानाच तीन महिन्यांची इंटर्नशिप करा. गाइड कुरकुरतील, पण आधी सांगितलं तर परवानगी देतात.

मध्येच लॅब बदलता येते का?

येते, आणि लोकांना वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा हे घडतं. पहिल्या दीड वर्षात बदललं तर नुकसान कमी. आधी विभागाच्या पीएचडी समन्वयकाशी किंवा सल्लागार समितीतल्या एखाद्या सदस्याशी खाजगीत बोला. नवीन लॅबचा होकार मिळवा आणि विद्यावेतन चालू राहील का ते लेखी घ्या. मगच सध्याच्या गाइडना सांगा. निघताना नोटबुक, प्लास्मिड, गोठवलेल्या पेशींची जागा आणि डेटाच्या फाइली यांची यादी करून द्या, तिची एक प्रत स्वतःकडे ठेवा, आणि आतापर्यंतच्या कामाचं लेखकत्व कसं राहील हे निघण्यापूर्वीच ईमेलवर ठरवून घ्या.